मदत हवी आहे: परदेशी महोत्सवातल्या गोफ-घोडेमोडणीची जुनी रिळं

गोव्यात डिचोलीतल्या एका मंडळाकडे फिल्मची ५० फुटी तीन रिळं आहेत. परदेशातल्या लोकनृत्य महोत्सवात सादर केलेला गोफ (दोऱ्या विणत केलेला नाच) आणि घोडेमोडणी (कमरेला घोडा बांधून, हातात तलवार घेऊन केलेला नाच). डब्यांवर साल नाही. एका रिळाला व्हिनेगरसारखा वास येतो. दुसरं भिंतीवर दाखवून मोबाईलवर घेतलं, तर नाचणारे पळत सुटल्यासारखे दिसतात. योग्य वेग आणि साल कसं काढायचं?

प्रतिसाद १
आधी प्रोजेक्टर बंद करा. वास म्हणजे फिल्मचं प्लास्टिक, अ‍ॅसिटेट, कुजतंय. फिल्म आखडते, प्रोजेक्टरचे दाते कडेच्या छिद्रांत बसत नाहीत आणि छिद्रं फाटतात. ते रीळ वेगळं ठेवा, वाफ बाकीच्यांनाही बाधते. घट्ट पत्र्याच्या डब्यात वाफ कोंडते, त्यातून आपला पावसाळा. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, वरचा थरच निघून येईल.

आता छिद्रं बघा. मोठं आणि दोन चौकटींमधल्या (फ्रेममधल्या) रेषेवर असेल तर साधी ८ मिमी, वेग बहुधा सेकंदाला १६ चौकटी. लहान आणि चौकटीच्या मध्यावर असेल तर सुपर ८, बहुधा १८. सुपर ८ आली १९६५ला, म्हणजे त्याआधीचा महोत्सव बाद. कोडॅकच्या फिल्मच्या कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण असतात. ती खूण फिल्म बनल्याच्या सालाची, चित्रीकरणाच्या नव्हे. शिवाय त्या खुणा २० वर्षांनी परत येत.

धागाकर्ता
छिद्रं लहान, मध्यावर. स्कॅनवाला ३० चौकटींची एमपी४ देतो म्हणतो. चालेल?

प्रतिसाद २
मूळ प्रत म्हणून नको. दात्यांशिवाय चालणाऱ्या स्कॅनरवर एकेक चौकट घ्यायला सांगा आणि फाईल १८वर ठेवा. ५० फूट म्हणजे ३६०० चौकटी, ३ मिनिटं २० सेकंद. २४ने लावलीत तर अडीच मिनिटांत संपेल, तीच ती पळापळ. मधल्या चौकटी सॉफ्टवेअरने भरू देऊ नका: गोफाच्या दोऱ्या एकमेकींत विरघळतात आणि वीण गुंफतेय की उलगडतेय, तेच कळेनासं होतं. ज्याच्यासाठी फिल्म जपायची तेच गेलं.

कडेला तपकिरी पट्टी आहे का? असेल तर त्यात आवाज असू शकतो. आवाज वाचणारं यंत्र आहे का, ते आधीच विचारा; बऱ्याच जणांकडे नसतं.

प्रतिसाद १
स्कॅन हातात आला की घोडेमोडणी बघा. सगळ्यांच्या तलवारी डाव्या हातात दिसल्या तर फिल्म उलटी घातली गेलीय. मंचावरच्या फलकाची अक्षरं वाचून खात्री करा, महोत्सवाचं नावही तिथेच सापडण्याची शक्यता जास्त.