मदत हवी आहे: सरकारी दवाखान्यात ॲडमिट कच्च्या कैद्याच्या पायात बेडी, काढायला कुणाला सांगायचं?

माझा थोरला भाऊ (वय ५४) पतसंस्थेतल्या अपहाराच्या केसमध्ये सात महिने जेलमध्ये आहे. कच्चा कैदी, अजून चार्ज फ्रेम नाही. शुगर जुनी. जेलमध्ये उजव्या पायाची जखम चिघळली आणि गेल्या सोमवारी सरकारी दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला, तक्रार त्याची नाही.

तक्रार डाव्या पायाची आहे. त्यात बेडी, आणि साखळी खाटेच्या दांडीला. कूस बदलायची तरी कशी? परवा रात्री त्याला लघवीला लागली तेव्हा किल्लीवाले हवालदार चहाला खाली गेलेले. शेजारच्या पेशंटच्या बायकोने पॉट दिला. दादा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे बघेना.

काचू नये म्हणून मी बेडीखाली मोजा घातला. दुपारी ड्युटी बदलली, नव्या गार्डने "आत काय लपवलंय" म्हणत तो काढला. घोट्यावर लाल वळ, एका जागी कातडं सोलवटलेलं. दादा म्हणतो, काही दुखत नाही.

गार्ड वाईट नाहीत हो. एक जण म्हणाले, "ताई, पळाला तर तुमचा भाऊ सापडेल, माझी नोकरी नाही सापडायची." डॉक्टर म्हणतात, पोलिसांचा विषय. पोलिस म्हणतात, जेलला विचारा. जेलवाले म्हणतात, बाहेर पडला की गार्डची जबाबदारी. आमचे वकील गावी आहेत. फोनवर एवढंच म्हणाले की नव्या कायद्यात बेडी घालता येते. खरंच येते का? अर्ज कुणाच्या नावे करू?

प्रतिसाद १ (सेशन्सला वकिली करतो)
ताई, ते अर्धंच खरं आहे. नवा कायदा म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. तिचं कलम ४३(३) काही ठरावीक गुन्ह्यांत अटक करताना आणि कोर्टात हजर करताना हातकडीची मुभा देतं. खाटेवरच्या पेशंटबद्दल त्यात अवाक्षर नाही. शिवाय मूळ विधेयकाच्या यादीत आर्थिक गुन्हे होते, ते संसदीय समितीच्या शिफारशीनंतर वगळले. म्हणजे दादांची केस तशीही त्यात बसत नाही.

उलट १९९५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल नेमका तुमच्यासारखाच आहे. गुवाहाटीच्या हॉस्पिटलात टाडाच्या (तेव्हाचा दहशतवादविरोधी कायदा) सात बंद्यांना हातकड्या घालून वर दोराने बांधलं होतं. पत्रकार कुलदीप नय्यर यांनी ते पाहून कोर्टाला पत्र लिहिलं. पेशंट कैद्याला असं बांधणं अमानुष आहे, असं कोर्टाने म्हटलं. पळण्याची सबळ भीती असेल तर पोलिसांनी मॅजिस्ट्रेटची परवानगी आणायची, नाहीतर कोर्टाचा अवमान. म्हणून गार्डशी वाद घालू नका, फक्त विचारा: लेखी आदेश आहे का? नसणारच. केस ज्या कोर्टात आहे तिथेच अर्ज द्या. वकील नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, फी लागत नाही.

प्रतिसाद २ (निवृत्त स्टाफ नर्स)
"दुखत नाही" वाचून पोटात गोळा आला. जुन्या शुगरमध्ये पायाची संवेदना जाते. बेडी कातडं खाईल आणि त्यांना कळणारही नाही. उजव्या पायाचं असंच झालं असेल. डॉक्टरांना "बेडी काढा" म्हणू नका, "घोटा बघा आणि जे दिसतंय ते केसपेपरवर लिहा" म्हणा. त्याला ते नाही म्हणू शकत नाहीत. त्याची झेरॉक्स अर्जाला लावा.

प्रतिसाद ३
गार्ड ड्युटी केली आहे म्हणून सांगतो. २०२३ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयातून ड्रग्जचा आरोपी पळाला, पोलिस निलंबित झाले. तेव्हापासून सगळे धास्तावलेत. डॉक्टरांचा कागद गार्डलाही हवाच असतो, उद्या वरिष्ठांनी विचारलं तर दाखवायला.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांनी घोटा बघितला, केसपेपरवर तीन ओळी लिहिल्या. गार्डने कागद वाचला, कुणाला तरी फोन केला आणि पायातली बेडी काढून हातात घातली. सलाईनचा हात सोडून, एवढी मेहरबानी. उद्या अकरा वाजता कोर्टात जातेय. अर्जात आता "पायात" खोडून "हातात" लिहू, की दोन्ही ठेवू?