‘सर’ हा किताब कोणत्या नावाला लागतो?

शंका : ब्रिटिशांच्या ‘सर’ या किताबाबद्दल विचारायचं आहे. कुठे ‘सर न्यूटन’ असं वाचतो, कुठे ‘सर आयझॅक’. बरोबर काय? आणि रतन टाटांना हा किताब मिळाला होता का? ‘सर रतन टाटा ट्रस्ट’ हे नाव तर कायम कानावर येतं.

उत्तर : ‘सर आयझॅक न्यूटन’ किंवा नुसतं ‘सर आयझॅक’. ‘सर न्यूटन’ चूकच. राणी ॲनने १७०५ मध्ये केंब्रिजला त्यांना नाइट केलं, म्हणजे हा किताब दिला, तेव्हापासून ते ‘सर आयझॅक’. इंग्लंडात आडनावं पक्की रुजली नव्हती त्या काळापासून हा शब्द माणसाच्या स्वतःच्या नावाला चिकटलेला आहे, आणि तो नियम आजही तसाच पाळतात. आपल्याकडे शाळेतले ‘जोशी सर’ आडनावानंतर येतात. त्या सवयीनेच बहुधा ‘सर ब्रॅडमन’ असं लिहिलं जातं. ‘सर डॉन’ म्हणायला हवं.

आता टाटा. ट्रस्टच्या नावातले सर रतन टाटा वेगळे. ते जमशेटजींचे धाकटे चिरंजीव. त्यांना १९१६ मध्ये नाइट केलं, १९१८ मध्ये ते वारले आणि पुढच्या वर्षी ट्रस्ट सुरू झाला. थोरले बंधू सर दोराबजी त्याआधीच, १९१० मध्ये, नाइट झाले होते. आपल्या पिढीने पाहिलेल्या रतन टाटांना २०१४ मध्ये ब्रिटनचा जीबीई (ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायरची वरची पायरी) हा सन्मान मिळाला, पण मानद. ब्रिटनचा राजा किंवा राणी ज्या देशाचे राष्ट्रप्रमुख नाहीत, तिथल्या नागरिकाला असा सन्मान मिळाला तर त्याने नावापुढे अक्षरं लावावीत, ‘सर’ लावू नये, असा संकेत आहे. बिल गेट्स, पंडित रविशंकर यांचंही तेच. शिवाय आपल्या राज्यघटनेच्या १८व्या अनुच्छेदानुसार भारतीय नागरिकाला परक्या राष्ट्राचा किताब घेता येत नाही. म्हणून त्यांच्याबद्दल लिहिताना ‘सर’ गाळावा. माणसाचा मान त्याने तसूभरही कमी होत नाही, आणि दोन रतन टाटांची गल्लतही टळते.

शंका : मग बायकोला ‘लेडी’ म्हणतात ते? तेही पहिल्या नावाला?

उत्तर : नाही, तिथे उलट. ‘लेडी’ आडनावाला लागतं. मेहेरबाई या सर दोराबजींच्या पत्नी, म्हणून त्यांच्या स्मरणार्थ काढलेला ट्रस्ट ‘लेडी टाटा मेमोरियल’. सर विठ्ठलदास ठाकरसींच्या पत्नी प्रेमलीलाबाई म्हणजे ‘लेडी ठाकरसी’. ‘लेडी प्रेमलीला’ म्हटलं तर इंग्रजी रिवाजाप्रमाणे त्या एखाद्या ड्यूकच्या किंवा अर्लच्या कन्या ठरतील. ज्या स्त्रीला स्वतःच्या कर्तृत्वावर हा मान मिळतो तिला ‘डेम’ म्हणतात, आणि ‘डेम’ पुन्हा पहिल्या नावाला. ही सोय १९१७ मध्ये ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर निघाली तेव्हाची.

मुंबईत मात्र हा नियम जरा वाकलेला दिसतो. माहीमचा रस्ता ‘लेडी जमशेटजी’च्या नावाने आहे, ‘लेडी जीजीभॉय’च्या नाही. हे जमशेटजी म्हणजे टाटा नव्हेत, जमशेटजी जीजीभॉय; जीजीभॉय हे त्यांच्या वडिलांचं नाव. पारशी कुटुंबांत तेव्हा इंग्रजी धर्तीची आडनावं पक्की नव्हती, त्यामुळे नवऱ्याचंच नाव पुढे आलं. याच जमशेटजींना १८४२ मध्ये नाइट केलं. हिंदी माणसाला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. पुढे १८५७ मध्ये ते बॅरोनेट झाले. नाइटचा ‘सर’ त्याच्याबरोबर संपतो, बॅरोनेटचा वारसाकडे जातो. त्यांच्या घराण्यासाठी तर कायदाच झाला : जो वारस बॅरोनेट होईल त्याने ‘जमशेटजी जीजीभॉय’ हेच नाव घ्यायचं. जुन्या कागदपत्रांत ‘सर जमशेटजी जीजीभॉय’ आले की आधी साल पाहावं, पिढी त्यावरूनच कळते.

शंका : सीआयई, केसीआयई ही अक्षरं असली की माणूस ‘सर’ असतोच का?

उत्तर : ‘के’ किंवा ‘जी’ने सुरुवात असेल तर. सीआयई ही ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायरची खालची पायरी, तिला ‘सर’ नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकर १९११ मध्ये केसीआयई झाले, म्हणून ‘सर’. गोपाळ कृष्ण गोखले १९०४ मध्ये सीआयई झाले होते. १९१४ मध्ये केसीआयई देऊ केली तेव्हा त्यांनी नम्रपणे नकार दिला. म्हणून गोखल्यांच्या नावाआधी ‘सर’ कुणी लावला तर तो नुसता तपशिलाचा दोष राहत नाही. ज्या गोष्टीला त्यांनी विचारपूर्वक नाही म्हटलं तीच आपण त्यांच्या गळ्यात घालतो. रवींद्रनाथांचंही तसंच. १९१५ मध्ये मिळालेला किताब त्यांनी जालियनवाला बागेनंतर, मे १९१९ मध्ये, व्हाइसरॉयला पत्र लिहून सोडून दिला. त्यानंतरच्या रवींद्रनाथांना ‘सर’ म्हणू नये.

जाता जाता, ‘सर ही पदवी’ असं लिहिण्यापेक्षा ‘किताब’ लिहावं असं मला वाटतं. पदवी म्हटलं की आता बीए-एमए डोळ्यांपुढे येतं.

शंका : सरसेनापती, सरनोबत यांतला ‘सर’ हाच का? आणि पुण्याच्या ‘सर परशुरामभाऊ’ कॉलेजातले ते पेशवाईतले सरदार पटवर्धन ना?

उत्तर : सरसेनापतीतला ‘सर’ फारसी, म्हणजे डोकं, मुख्य. इंग्रजी ‘सर’ जुन्या ‘सायर’वरून आला, आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘वडील, ज्येष्ठ’ अशा अर्थाच्या शब्दात आहे. दोघांचं काही नातं नाही.

आणि एसपी कॉलेजचे परशुरामभाऊ पेशवाईतले नव्हेत. टिपूवर चालून गेलेले परशुरामभाऊ १७९९ मध्येच पडले. त्यांना इंग्रजांचा किताब कोण देणार? कॉलेज १९१६ मध्ये ‘न्यू पूना कॉलेज’ म्हणून सुरू झालं. पुढे जमखंडीचे संस्थानिक शंकरराव पटवर्धन यांनी देणगी दिली आणि कॉलेजला त्यांच्या वडिलांचं, सर परशुरामभाऊंचं, नाव मिळालं.