वसंताच्या तोंडावरचा प्रवास: आवडती पुस्तकं बरोबर न्यायची तर कशी?

पारवा

मार्चच्या मध्यात नऊ दिवसांचा प्रवास आहे. थोडी रेल्वे, थोडी घाटातली बस, मधे मुक्काम आणि बरीच पायपीट. हवा या दिवसांत असते तशी लहरी: पहाटे ४-५ अंश, दुपारी २० च्या आसपास, मधूनच एखादी सर. पाठीवर एकच सॅक आणि त्यात पुस्तकांच्या वाट्याला जास्तीत जास्त सव्वा किलो.

न्यायचं ठरलंय ते असं: कवितांचा एक जुना संग्रह (शिवलेली बांधणी, पुठ्ठा, १६० पानं), एक नवी कोरी कादंबरी (परफेक्ट बाइंडिंग म्हणजे कण्याला पानं गोंदाने चिकटवलेली, ४८० पानं) आणि ई-रीडर. दमट हवेत पानांना लाटा येतात त्या कशा टाळायच्या? सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या की भागेल का? बसमध्ये वाचलं की मळमळतं, त्यावर गोळीखेरीज काही उपाय? आणि एवढं सगळं वजनात बसेल का?

बांधणीवाला

पावसाची भीती सगळ्यांनाच असते, म्हणून त्याची तजवीजही होते. या दिवसांत पुस्तकं खराब होतात ती थंडीतून उबेत येताना. पहाटेपासून बाहेर असलेलं पुस्तक ५ अंशांवर असतं. खोलीत २० अंश आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू साधारण ९ अंशांवर येतो. म्हणजे गार पुस्तक तिथे उघडं ठेवलं की हवेतली वाफ थेट त्याच्यावर बसते. थंडीतून आल्यावर चष्मा धुकटतो, तसंच हे. कागदावर ते डोळ्यांना दिसत नाही एवढंच. कडेची पानं पाणी पितात, मधली कोरडी राहतात, आणि लाटा येतात त्या या फरकामुळे.

उपाय सोपा आहे, फक्त क्रम चुकवू नका. आत शिरण्यापूर्वी, बाहेरच्या कोरड्या गार हवेतच पुस्तक झिपच्या पिशवीत घाला, तळहाताने दाबून हवा काढा आणि झिप लावा. आत आल्यावर पिशवी दोन-तीन तास उघडायची नाही. जाड पुस्तकाला तीन तास धराच, कारण मधली पानं सावकाश तापतात. मग पिशवीच्या बाहेरून दव बसेल, पुस्तकावर नाही. एक सावधगिरी: पुस्तक आधीच दमट लागत असेल तर पिशवी बंद करू नका, ओल आतच कोंडली जाईल.

सिलिका जेलबद्दल थोडं स्पष्टच सांगावं लागेल. चारशे ग्रॅमच्या पुस्तकात नेहमीच्या हवेत २५ ग्रॅमच्या आसपास पाणी असतंच, तो कागदाचा स्वभाव आहे. पाच ग्रॅमची पुडी एक-दीड ग्रॅम पाणी शोषून थकते. त्यामुळे पुड्या टाकल्याचं समाधान मिळतं, काम पिशवीच करते.

नव्या कादंबरीचं जास्त जपा. परफेक्ट बाइंडिंगमध्ये बहुतेक वेळा हॉट मेल्ट, म्हणजे वितळवून लावलेला, गोंद असतो आणि तो थंडीत कडक होतो. पहाटे फलाटावर कोरी कादंबरी मधोमध उघडून मागे दुमडली तर कण्याला तडा जातो, आणि तिथली पानं पुढेमागे सुटतात. निघण्याआधी घरीच, ऊबदार खोलीत ती 'मोडून' घ्या: कणा टेबलावर टेकवून पुस्तक उभं धरायचं, आधी पुढचं कव्हर खाली सोडायचं, मग मागचं. नंतर पुढून दहा-पंधरा पानं, मागून तितकीच, कण्यालगत बोट हलकेच फिरवत मध्यापर्यंत जायचं. पाच मिनिटांचं काम.

कवितासंग्रहाला ही अडचण नाही, शिवलेले फॉर्म (घडी घातलेल्या पानांचे जुडगे) बिनतक्रार उघडतात. त्याची दुखरी जागा म्हणजे पुठ्ठ्याचा सांधा. सॅकमध्ये पुस्तक आडवं ठेवा, नाहीतर कणा खाली करून. पानांची कड खाली आली तर सगळा ठोकळा लोंबकळतो आणि सांधा फाटतो. रबर लावू नका, कडा कापल्या जातात. बांधायचंच असेल तर दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीची सुती पट्टी घ्या.

खिडकीपाशी

मळमळीबद्दल. डोळे पानावर स्थिर, आणि आतल्या कानाला मात्र वळणं, धक्के, ब्रेक सगळं कळतंय. या दोन बातम्या जुळत नाहीत म्हणून ते होतं. बसमध्ये पुढच्या चाकाच्या अलीकडे-पलीकडे बसा, मागच्या चाकामागे कधीच नको. रेल्वेत गाडीच्या दिशेला तोंड करून. पुस्तक मांडीवर ठेवून मान खाली घालण्यापेक्षा डोळ्यांच्या पातळीला धरा, म्हणजे कडेने खिडकीतलं हलतं दृश्य दिसत राहील. दहा मिनिटं वाचलं की दोन-तीन मिनिटं लांब क्षितिजाकडे बघा. ई-रीडरवर अक्षर दोन पायऱ्या मोठं करा.

उगाच जांभया, तोंडाला पाणी सुटणं, कपाळावर गार घाम यांतलं काहीही दिसलं की परिच्छेद संपायची वाट न बघता पुस्तक मिटा. एकदा ढवळायला लागलं की नुसतं वाचन थांबवून लगेच आराम पडत नाही. आणि घाटात वाचायचंच नाही. तिथे ऐकायचं पुस्तक लावा. ६४ केबीपीएसची फाइल तासाला साधारण २९ एमबी घेते, दहा तासांचं पुस्तक ३०० एमबीच्या आत. निघण्यापूर्वी उतरवून ठेवा, घाटात रेंज शोधत बसू नका.

आता माझ्या आवडीचा मुद्दा, जागा निवडण्याचा. विषुवदिन २०-२१ मार्चला असतो, म्हणजे तुमच्या प्रवासाच्या काळात सूर्य जवळजवळ बरोबर पूर्वेला उगवेल आणि पश्चिमेला मावळेल. उत्तर गोलार्धात दुपारी तो दक्षिणेला असतो. म्हणून सकाळी उत्तरेकडे जाताना डावी खिडकी सावलीची, संध्याकाळी उजवी. दक्षिणेकडे जाताना उलट. पूर्वेकडे जायचं तर डावी बाजू आणि पश्चिमेकडे उजवी, म्हणजे उत्तरेचा मऊ उजेड पानावर पडेल. सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन थेट पानावर आलं आणि मधे झाडांची रांग लागली, की उजेड-सावलीची उघडझाप सुरू होते. त्यानेही डोकं धरतं आणि लोक दोष पुस्तकाला देतात.

अर्धीघडी

वजनाचा हिशेब मांडू या. डेमी आकाराचा एक कागद (अंदाजे १४ × २१.५ सेंमी) ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅमचा, असेल तर २.४ ग्रॅम भरतो. दोन छापील पानं म्हणजे एक कागद. कादंबरी: २४० कागद, ५७५ ग्रॅम, कव्हर धरून ६००. कवितासंग्रह: ८० कागद, १९० ग्रॅम, पुठ्ठ्यांसह ३०० च्या घरात. ई-रीडर २०० धरा. एकूण ११०० ग्रॅम. बसतंय खरं, पण पॉवर बँक याच वाट्यात घातलीत तर नाही.

माझं मत: कादंबरी घरी ठेवा. घरी अर्ध्या तासात २० पानं होत असतील तर प्रवासात त्याची निम्मी धरा, म्हणजे तासाला २०. रोज दीड तास मिळाला तरी नऊ दिवसांत २७० पानं. म्हणजे ६०० ग्रॅम वाहून नेऊन कथानकाच्या ऐन मध्यावर परतायचं. त्यात नव्या कादंबरीची पहिली पन्नास पानं, पात्रांची ओळख होईपर्यंतची, सलग बैठक मागतात आणि फलाटावर ती मिळत नाही. न्यायचीच असेल तर ती पन्नास पानं घरी वाचून निघा, किंवा ई-रीडरवर घ्या. आवडत्या, आधी वाचलेल्या पुस्तकाचं तसं नसतं. ते कुठेही उघडा, कुठेही मिटा. कविता तर दोन स्टेशनांच्या मधे पुरी होते.

ई-रीडर गारठ्यात पान उलटायला वेळ लावेल, मागच्या पानाचं भूत दिसेल. बिघडला नाही, शाई-पडद्यातले कण थंडीत हळू सरकतात. कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. शून्याखाली मात्र चार्जिंगला लावू नका, लिथियम बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. पडद्यामागे बहुधा काच असते आणि ती एका टोकदार दाबाने तडकते, तेव्हा चार्जरची पिन त्याच कप्प्यात नको. पडद्याची बाजू कवितासंग्रहाच्या सपाट पुठ्ठ्याला लावून ठेवा.

पारवा

कादंबरी घरी, ठरलं. आणि एवढं करूनही सर आली, सॅकची चेन उघडी राहिली आणि संग्रह भिजला तर? मुक्कामाच्या खोलीत काय करता येईल?

बांधणीवाला

आधी काय करायचं नाही ते: ओलं पुस्तक उलगडून बघायचं नाही, हेअर ड्रायर लावायचा नाही, हीटरवर ठेवायचं नाही. उष्णतेने कडा आधी सुकतात आणि पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो.

बाहेरचं पाणी टॉवेलने टिपा, पुसू नका. फक्त कडा ओलसर झाल्या असतील तर पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी किंचित मोकळी सोडा. चिंब असेल तर आडवंच राहू द्या, ओला कागद स्वतःचं वजन पेलत नाही. दर दहा-एक कागदांनंतर साधा पांढरा टिश्यू घाला. छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते. टिश्यू फार कोंबू नका, पुस्तकाची जाडी पाचव्या हिश्शाहून जास्त वाढली तर कणा उसवतो. दोन-तीन तासांनी टिश्यू बदला. खोलीतली हवा खेळती ठेवा, पण पंख्याचा झोत थेट पुस्तकावर नको.

वाळलं की नाही हे बोटाला कळत नाही, पान गालाला लावा. गार लागलं तर अजून ओल आहे. पूर्ण वाळल्यावर दोन सपाट फळ्यांमध्ये वजनाखाली एक-दोन दिवस ठेवा. थोड्या लाटा राहतील, ते सोडून द्या.

घाई दोनच गोष्टींची. बुरशी ४८ तासांत धरू शकते. आणि संग्रहात गुळगुळीत आर्ट पेपरवरची चित्रं असतील तर ती पानं ओली असतानाच वेगळी करा, मधे बेकिंग पेपर घाला. एकदा चिकटून वाळली की सुटत नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटेच निघायचं असेल आणि मुक्कामाच्या ठिकाणी डीप फ्रीझर असेल तर पुस्तक प्लास्टिकमध्ये गुंडाळून उणे १८ अंशांत ठेवायला सांगा. परतीच्या वाटेवर उचला आणि घरी सावकाश वाळवा.

खिडकीपाशी

एक राहिलं. झाडाखाली बाकावर बसून वाचणार असाल तर या दिवसांत परागकणांची पिवळी धूळ पानांच्या घळीत साठते. ओल्या फडक्याने पुसली तर डाग पडतो. पुस्तक घट्ट मिटून धरा आणि कोरड्या मऊ ब्रशने कण्याकडून बाहेर झाडा. हे खोलीत शिरण्याआधी करा, नाहीतर रात्रभर शिंका.