लसीनंतर कुत्रीचं तोंड सुजलं होतं, पुढचा डोस कसा द्यावा? (कोल्हापूर)

नमस्कार. सोनी आमची डॅशहाउंड, वय सव्वातीन वर्षं, वजन सात किलो. आम्ही फुलेवाडीत राहतो. पिल्लू असतानाचे सगळे डोस आणि वर्षानंतरचा बूस्टर तिला वेळेवर मिळाला, तेव्हा काहीच त्रास झाला नाही. गेल्या मे महिन्यात मात्र नाइन-इन-वन (अनेक आजारांवरची एकत्रित लस) आणि रेबीज एकाच वेळी दिल्यावर, घरी येऊन तासभरही झाला नसेल, ती तोंड फरशीवर घासायला लागली. बघता बघता पापण्या आणि नाकाड सुजलं, पोटावर गांधी उठल्या, उलटीही झाली. लस दिलेला दवाखाना दुपारचा बंद होता, म्हणून रिक्षा करून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ॲव्हिल (ॲलर्जीवरचं औषध) आणि डेक्साचं (स्टेरॉइड) इंजेक्शन दिलं आणि बराच वेळ तिथंच बसवून ठेवलं. संध्याकाळपर्यंत सूज उतरली, दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी जेवली.

आता परत मे जवळ आलाय आणि कार्डावरची तारीखही. विचारलं तिथं वेगळं उत्तर मिळतंय. एक डॉक्टर म्हणाले, आयुष्यात परत लस देऊ नका. दुसरे म्हणाले, लहान जात आहे, अर्धा डोस देऊ. तिसरे म्हणाले, आधी ॲव्हिल टोचू आणि नेहमीसारख्या दोन्ही लसी देऊन टाकू. तिघंही अनुभवी आहेत, त्यामुळे कुणाचं ऐकायचं हेच कळेना.

लस बंद करायची माझी तयारी नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाला भटक्या कुत्र्यांची टोळी असते आणि सोनी फिरायला गेली की ती अंगावर येतात. रेबीज एकदा झाला की त्यावर इलाज नाही, आणि घरात लहान मूल आहे. लेप्टोचीही (लेप्टोस्पायरोसिस) तशीच भीती. २०१९ आणि २०२१ चा महापूर आपण सगळ्यांनी बघितलाय. पूर नसला तरी पावसाळाभर गटारं तुंबतात, घुशी-उंदीर बाहेर येतात आणि त्यांच्या लघवीनं दूषित झालेल्या पाण्यातूनच हा आजार पसरतो. सोनीचं पोट जमिनीपासून चार बोटांवर, डबकं दिसलं की ती त्यातूनच जाणार. कुत्र्याला झालेला लेप्टो माणसालाही होऊ शकतो.

म्हणून मला जाणून घ्यायचंय ते हे. दोन्ही लसी वेगवेगळ्या दिवशी दिल्या तर धोका खरंच कमी होतो का, आणि मध्ये किती अंतर ठेवायचं? नाइन-इन-वनमधली फक्त लेप्टो वेगळी मिळते का? अर्ध्या डोसाला काही अर्थ आहे का? आणि कोल्हापुरात लस दिल्यावर तासभर बसू देणारा, दुपारीही कुणीतरी हजर असणारा दवाखाना कसा ओळखायचा? ज्यांच्या कुत्र्याला असं झालंय त्यांनी पुढं काय केलं, तेही कृपया लिहा.

प्रतिसाद, इचलकरंजीहून

ताई, आमच्या पगला अगदी असंच झालं होतं, त्यामुळं तुमची घालमेल कळते. आम्ही लस बंद केली नाही. आमच्या डॉक्टरांनी आधी नुसती रेबीज दिली, महिन्याभरानं लेप्टो. दोन्ही वेळा सकाळी दवाखाना उघडताना पहिला नंबर लावला आणि तिथंच थांबलो. सकाळची वेळ अशासाठी की काही झालं तर अख्खा दिवस डॉक्टर हाताशी असतात. संध्याकाळी सातला लस टोचून घरी आलं आणि रात्री अकराला तोंड सुजलं, तर आपल्याकडं कुठं जायचं सांगा.

दवाखाना ओळखायचा म्हणाल तर सरळ विचारायचं, "ॲड्रेनलिन (ॲलर्जीच्या जीवघेण्या झटक्यात द्यायचं इंजेक्शन) आहे का, सलाईन लावायची सोय आहे का?" चांगल्या डॉक्टरला ह्या प्रश्नाचा राग येत नाही. आणि कार्डावर लसीचं स्टिकर असतं बघा, कंपनी आणि बॅच नंबर छापलेलं. मागच्या वेळचं ते पान नवीन डॉक्टरांना दाखवाच.

प्रतिसाद, सांगलीहून

मी पशुवैद्य आहे. सोनीला तपासलेलं नाही, त्यामुळे अंतिम निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण तुमच्या प्रश्नांना शक्य तेवढी नेमकी उत्तरं देतो.

लसीनंतर एखादा दिवस मरगळ, थोडा ताप, टोचल्या जागी गाठ हे ॲलर्जीत धरत नाहीत. सोनीला झालं ती ॲलर्जीच. आधी दोनदा-चारदा काही झालं नाही आणि मग अचानक झालं, यातही नवल नाही. आधीच्या डोसांत शरीर त्या घटकाला ओळखायला शिकतं आणि नंतरच्या डोसाला उसळतं. तो घटक दर वेळी रोगाचा जंतूच असतो असंही नाही. लस तयार करताना वापरलेल्या वासराच्या सीरमचे अंश, जिलेटिन अशा गोष्टीही असतात. जपानमधल्या संशोधकांना अशा कुत्र्यांच्या रक्तात वासराच्या सीरमविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या आहेत. म्हणून कंपनी बदलून बघण्यात अर्थ आहे, खात्री मात्र नाही.

लसी वेगळ्या कराच. अमेरिकेतल्या १२ लाखांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदींचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात लसीनंतर तीन दिवसांत त्रास झालेल्या कुत्र्यांचं प्रमाण दर १० हजारांत ३८ च्या आसपास होतं, म्हणजे एकूण धोका कमीच. पण १० किलोपर्यंतच्या कुत्र्यांत एकाच भेटीत दिलेल्या प्रत्येक जादा लसीमागे तो २७ टक्क्यांनी वाढत होता, आणि जास्त त्रास होणाऱ्या जातींत डॅशहाउंड वरच्या रांगेत होता. सोनीसारख्या कुत्रीला एका दिवशी एकच लस द्यावी आणि दोन लसींत तीन-चार आठवडे ठेवावेत. एकदा ॲलर्जी झालेल्या कुत्रीला पूर्वीसारख्या दोन्ही एकत्र देणं मला पटत नाही, आधी ॲव्हिल टोचलं तरी.

अर्धा डोस नको. लसीचा डोस वजनावर ठरत नाही. अर्ध्या डोसानं पुरेशी प्रतिकारशक्ती येईल याची हमी नाही, आणि ॲलर्जीला तर थेंबभर लसही पुरते.

पार्वो, डिस्टेंपर आणि ॲडिनोव्हायरस या विषाणूजन्य आजारांच्या लसींचे पिल्लूपणीचे डोस आणि वर्षाचा बूस्टर झाला असेल तर डब्ल्यूएसएव्हीए या पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शनानुसार त्या लसी तीन वर्षांच्या आत परत द्यायची गरज नसते. सोनीला त्या गेल्या मे मध्येही मिळाल्यात, त्यामुळे यंदा त्या टाळता येतील. पुढे द्यायच्या की नाही ते ठरवायला रक्ताची टायटर तपासणी आहे, म्हणजे रक्तात त्या आजाराविरुद्धच्या अँटिबॉडी किती आहेत ते मोजणं. लेप्टोचं तसं नाही. तिचं संरक्षण साधारण वर्षभराचं, आणि टायटरवरून ते कळत नाही. लेप्टो वेगळी मिळते. बऱ्याच एकत्रित लसींत दोन कुप्या असतात, विषाणूंची सुकी पावडर एकीत आणि लेप्टोचं द्रव दुसरीत. कोणती कुपी एकटी देता येते ते त्या लसीच्या माहितीपत्रकावरून ठरतं, त्यामुळे डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. तुमच्याकडचा पाऊस बघता जूनच्या आधी लेप्टो व्हायला हवी. म्हणजे रेबीज एप्रिलमध्येच उरकून घ्या.

आधी ॲव्हिल द्यावं का? बरेच जण देतात, मीही देतो. त्यानं सूज आणि गांधी कमी होऊ शकतात, पण ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे ॲलर्जीचा जीवघेणा झटका, थांबेलच असं नाही. आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण कुत्र्यात तो झटका बऱ्याचदा यकृत आणि आतड्यांवर येतो. तोंड अजिबात न सुजता अचानक उलट्या, रक्ती जुलाब, पाय लटपटणं, हिरड्या पांढऱ्याफटक पडणं, असं दिसतं. तिथं ॲव्हिलची वाट बघायची नसते. ॲड्रेनलिन आणि सलाईन लागते, तीही मिनिटांत. सोनीच्या हिरड्यांचा नेहमीचा रंग आत्ताच बघून ठेवा. बोटानं दाबून सोडलं की दोन सेकंदांच्या आत गुलाबीपणा परत यायला हवा.

घरातली माणसांची औषधं देऊ नका. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं आणि ते कुत्र्यांना घातक आहे. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनही नको. गंभीर झटका आलेला असेल किंवा सगळी काळजी घेऊनही परत ॲलर्जी झाली, तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवून घ्या. पुणे-बंगळूर महामार्गावरच आहे.

धागाकर्तीचं उत्तर

दोघांचे मनापासून आभार. हे सगळं वाचून दाखवल्यावर सासूबाईंनाही धीर आला. त्या लस नकोच म्हणत होत्या. कार्ड काढून बघितलं, रेबीजचं आणि नाइन-इन-वनचं स्टिकर दोन्ही आहेत, बॅच नंबरसकट. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी फक्त रेबीज, आणि सगळं ठीक राहिलं तर मे संपता संपता लेप्टो, असं डॉक्टरांशी बोलून ठरवते. ॲड्रेनलिनचं फोनवरच विचारून मग दवाखाना निवडेन.

एक राहिलं. टायटरसाठी रक्ताचा नमुना कोल्हापुरातून कुठल्या लॅबला पाठवता येतो आणि साधारण किती खर्च येतो? कुणी केलं असेल तर लिहा. त्या तपासणीला अजून वेळ आहे, पण आधी माहीत असलेलं बरं.