अनुभव धागा : ॲनिमेशनपटातला कोणता प्रसंग मनाला भिडला आणि कशामुळे?

मराठवाड्यातील वाचकांनी एखादाच प्रसंग निवडून तो चित्र, आवाज आणि संगीत यांपैकी कशामुळे भिडला, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

परभणी, शिक्षिका
‘अप’ (२००९) या चित्रपटातील कार्ल आणि एली यांच्या संसाराचा जवळजवळ निःशब्द भाग मी सातवीच्या वर्गाला आधी आवाज बंद करून आणि मग संगीतासह दाखवला. आवाज नसतानाही मुलांना गोष्ट कळली. कार्लचा चेहरा आणि खुर्ची चौकोनी, तर एलीची आकृती गोलसर, हेसुद्धा एका मुलीने हेरले. पण मायकेल जियाकिनो यांची धून आरंभी बागडत येते, पुढे संथ होत जाते आणि शेवटी एकट्या पियानोवर उरते. एली गेल्यावर कार्ल एकच फुगा हातात घेऊन घरात शिरतो, तेव्हा वर्गात कोणी हूं की चूं केले नाही. गोष्ट चित्राने सांगितली, गलबलून आले ते संगीताने, असे माझे ठाम मत आहे.

अंबाजोगाई, हौशी रंगकर्मी
जपानी आणि भारतीय कलावंतांनी मिळून केलेल्या रामायणपटाच्या जुन्या हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल यांचा आवाज होता. दूरदर्शनवरील मालिकेमुळे तो आवाज आमच्या घरी आधीच पूज्य झालेला असल्याने, जपानी धाटणीच्या टपोऱ्या डोळ्यांचा राम बोलू लागताच आजीने हात जोडले. याच्या अगदी उलट वाट जपानी दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांनी ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’मध्ये (१९८८) धरली. धाकट्या सेत्सुकोसाठी त्यांनी खरोखरच लहान मुलगी निवडली आणि जपानमधील प्रघात मोडून तिचे संवाद आधी ध्वनिमुद्रित करून त्यांवर चित्रे बेतली. तिचे अडखळणे कुठल्याही कसलेल्या अभिनेत्रीला साधले नसते.

नांदेड, झेंडू उत्पादक
‘कोको’मध्ये (२०१७) मृतांच्या जगाकडे नेणारा पूल झेंडूच्या पाकळ्यांचा आहे. झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. दसऱ्याच्या आदल्या पहाटे तोडणी करून क्रेटमध्ये भरलेली फुले कंदिलाच्या उजेडात आतून पेटल्यासारखी दिसतात. नेमका तोच केशरी रंग पडद्यावर पाहून मला माझे वडील आठवले, कारण आमच्या शेतातली पहिली लागवड त्यांची. चित्रपटातले मुख्य गाणे नामांकित गायक थाटामाटात गातो तेव्हा ते वरवरचे वाटते, बाप लेकीसाठी हळू आवाजात म्हणतो तेव्हा ते अंगाई होते, आणि अखेरीस छोट्या नायकासोबत, मिगेलसोबत, त्याची विसरभोळी पणजी ते स्वतः गुणगुणू लागते, तेव्हा मला पडदा दिसेनासा झाला.

जालना
परभणीच्या बाईंशी मी पूर्ण सहमत नाही. ‘वॉल-ई’मधल्या (२००८) यंत्रमानवाचे दुर्बिणीसारखे डोळे किंचित कलले की त्याची लाज, भीती, माया सगळे कळते, आणि माझ्या आजोबांना हिंदी किंवा इंग्रजी येत नसूनही त्यांना काहीच समजावून सांगावे लागले नाही. बाईंनी हाच प्रयोग या चित्रपटावर करून मुले काय म्हणतात ते इथे अवश्य लिहावे.