एमबीबीएस : आजारपणामुळे कॉलेज बदलून मिळतं का? मदत हवी आहे

सावरी

नमस्कार. धाकटा भाऊ सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसला आहे. २०२४ च्या नीटमधून कॅप राउंडला (राज्याच्या केंद्रीय प्रवेशफेरीला) मिळालेली जागा. पहिल्या वर्षाचा निकाल नुकताच लागला, सगळ्या विषयांत पास.

गेल्या उन्हाळ्यात त्याला एका डोळ्याने धूसर दिसायला लागलं आणि डोळा फिरवला की दुखायचं. एमआरआय झाला, मणक्यातलं पाणी तपासलं. मल्टिपल स्क्लेरोसिस निघालं, म्हणजे स्वतःचीच प्रतिकारशक्ती मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करते तो आजार. स्टिरॉइडच्या सलाईननंतर नजर बऱ्यापैकी परत आली. आता सहा महिन्यांतून एकदा रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्ती आवरणारं सलाईनमधलं औषध) चालू आहे, ते घराजवळच्या न्यूरॉलॉजिस्टकडे.

कॉलेज विदर्भात आहे आणि घरून तिथे जायला अख्खी रात्र प्रवासात जाते. तेही चाललं असतं. खरा प्रश्न उन्हाचा आहे. अंग तापलं की त्याची नजर मंदावते. हॉस्टेलवरून कॉलेजपर्यंत उन्हात चालत गेला की पहिल्या तासाला फळ्यावरची अक्षरं पुसट दिसतात. ओला रुमाल मानेवर ठेवून पंधरा-वीस मिनिटं बसला की परत दिसायला लागतात. डॉक्टर म्हणाले, हा नवा झटका नाही. आधी इजा झालेल्या नसेतून अंगाचं तापमान वाढलं की संदेश नीट पुढे जात नाही, अंग गार झालं की पूर्ववत. ऐकायला सोपं आहे. पण त्याची खोली वरच्या मजल्यावर आहे, वर पत्रे, आणि तिथे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो.

कॉलेजच्या स्टुडंट सेक्शनला विचारलं तर "ट्रान्सफर बंद आहे, अर्ज घेतच नाही" एवढंच उत्तर. डीन सरांची भेट झालेली नाही.

वैद्यकीय कारणावरून बदली खरंच पूर्ण बंद आहे का? कुणाची झाली असेल तर कशी झाली? आणि बाबांना वेगळीच धास्ती आहे : आजार कागदावर आणला तर "हा मुलगा डॉक्टर व्हायला अपात्र" असं ठरवून जागाच जाईल का? त्यामुळे घरात अजून कशालाच होकार नाही.

पिंपळपान

सावरीताई, पूर्वी वाट होती. १९९७ च्या नियमांत मायग्रेशनची तरतूद होती. पहिलं व्यावसायिक वर्ष पास व्हायचं, निकालानंतर महिन्याभरात अर्ज करायचा, जुन्या-नव्या दोन्ही कॉलेजांची आणि विद्यापीठांची एनओसी (ना-हरकत पत्र) जोडायची. राज्यातल्या राज्यात असेल तर फाइल वैद्यकीय शिक्षण संचालकांकडे जायची. शिवाय एका कॉलेजात वर्षाला किती जणांना घ्यायचं त्यालाही मर्यादा. तेव्हाही हा प्रकार दुर्मीळच होता, पण निदान अर्ज तरी घ्यायचे.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे २०२३ चे पदवी नियम आले आणि १८ व्या नियमाने दारच बंद झालं. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात स्थलांतर नाही, कारण काहीही असो. तुमचा क्लार्क बोलला ते या अर्थाने खरं आहे. उद्धटपणा त्याचा स्वतःचा.

रातकिडा

माझ्या मुलीची इंजिनिअरिंगची बदली झाली होती, पण तो मामला निराळा. तिथे दुसऱ्या वर्षाला जागा रिकामी असली आणि दोन्हीकडून एनओसी मिळाली की बरंचसं जमतं. विद्यापीठ वेगळं असेल तर विषयांची समकक्षता बघतात. एमबीबीएसला तो अनुभव लावू नका. पालकांच्या ग्रुपवर लोक दोन्हींची सरमिसळ करून सल्ले देतात.

बोरूबहाद्दर

पुन्हा नीट देऊन जवळचं कॉलेज घ्यायचं. वयाची वरची अट २०२२ मध्येच गेली आहे.

सावरी

@बोरूबहाद्दर, स्टिरॉइड चालू असताना पहिलं वर्ष पास झालेल्या मुलाला परत बारावीचं फिजिक्स काढून बस म्हणायची हिंमत आमच्यात नाही.

स्टेथो

मी फिजिशियन आहे, न्यूरॉलॉजिस्ट नाही. तुमच्या बाबांच्या धास्तीकडे नंतर येतो. आधी एक खडूस प्रश्न विचारतो, कारण कुठलंही मेडिकल बोर्ड हाच विचारणार.

औषध सहा महिन्यांतून एकदा आहे. त्यासाठी तो दोन दिवस रजेवर येऊ शकतो. मग कॉलेज कशाला बदलायचं?

चिडू नका. तुमच्याकडचं सर्टिफिकेट या प्रश्नाचं उत्तर देतं का, ते बघा. बहुतेक सर्टिफिकेटांत निदान लिहिलेलं असतं, औषधांची नावं असतात आणि शेवटी "कुटुंबाजवळ राहणे योग्य" असं एक वाक्य. असा कागद घेऊन गेलात तर समोरचा म्हणणार, कुटुंबाजवळ राहणं कुणालाही योग्यच आहे. धाग्यात तुम्ही रुमालाचं लिहिलंय, ते मात्र सर्टिफिकेटमध्ये नसणार. आणि सगळ्यात वजनदार गोष्ट तीच आहे.

न्यूरॉलॉजिस्टना सांगून असं लिहून घ्या : उजव्या की डाव्या डोळ्याची नजर आत्ता किती, रंग ओळखण्यात फरक आहे का, तापमान वाढल्यावर काय होतं, किती वेळ राहतं, उतरायला काय करावं लागतं. किती वेळ उभं राहू शकतो. थकवा दिवसाच्या कुठल्या भागात जास्त. रिटुक्सिमॅबमुळे जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, तर वॉर्ड पोस्टिंगला काय काळजी घ्यायची. झटका आला तर किती तासांत एमआरआय आणि न्यूरॉलॉजिस्ट मिळायला हवा, आणि आत्ताच्या गावात तो मिळतो का. मुलगा काय करू शकतो हेही लिहून घ्या. नुसती रडगाणी असलेलं सर्टिफिकेट उलटू शकतं.

शक्य असेल तर व्हिज्युअल इव्होक्ड पोटेन्शियलचा (डोळ्याकडून मेंदूकडे संदेश किती वेगाने जातो त्या तपासणीचा) रिपोर्ट जोडा. नसेचा वेग कमी झालाय हे त्यात आकड्यात दिसतं. नजर बरी दिसते म्हणून लोक आजारावर विश्वास ठेवत नाहीत, तेव्हा हा कागद कामाला येतो.

सावरी

स्टेथो सर, तुम्ही म्हणता तस्संच आहे आमचं सर्टिफिकेट. चार ओळी, त्यातल्या दोन औषधांच्या. पुढच्या भेटीला हे सगळे मुद्दे लिहून नेते.

कलमकसाई

वकील आहे. मुद्देसूद लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

पिंपळपान यांनी सांगितलेला १८ वा नियम दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ च्या अखेरीस रद्द ठरवला. याचिका दृष्टिदोष असलेल्या एका एमबीबीएसच्या विद्यार्थ्याची होती, बाडमेरहून दिल्लीला बदली हवी होती. सरसकट बंदी मनमानी आहे असं कोर्टाने म्हटलं. मुंबई उच्च न्यायालयापुढे तो निकाल आधार म्हणून मांडता येतो. नागपूर खंडपीठ तुमच्या कॉलेजला जवळ पडेल. निकालाची प्रत काढा आणि जो वकील लावाल त्याला त्यावर पुढे अपील झालंय का ते आधी तपासायला सांगा.

पण यातून बदली हक्काने मिळते असा अर्थ काढू नका. बंदी गेली तरी तिकडे दुसऱ्या वर्षाला जागा रिकामी हवी, आणि मोठ्या शहरातल्या सरकारी कॉलेजात ती कशी असणार? कोर्ट फार तर अर्जाचा विचार करा म्हणून सांगेल. म्हणून माझं मत असं की बदलीचा अर्ज जरूर द्या, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

त्याच्याबरोबर दुसरा अर्ज द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या यादीत २१ प्रकार आहेत आणि मल्टिपल स्क्लेरोसिस त्यात नाव घेऊन आहे. कलम १६ प्रमाणे शिक्षणसंस्थेने विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी करून द्यायच्या असतात. यासाठी प्रमाणपत्रावर ४० टक्के दिव्यांगत्व लागत नाही. ४० ची अट आरक्षणासाठी आहे. वाजवी सोयी ४० टक्क्यांवर अडवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या निकालात सांगितलंय. तिथे प्रश्न परीक्षेत लेखनिक मिळण्याचा होता. त्यामुळे भावाचं प्रमाणपत्र २० टक्क्यांचं आलं तरी खचू नका.

बाबांना सांगा : १५ ऑक्टोबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, महाराष्ट्रातल्याच विद्यार्थ्याचा. नुसती टक्केवारी बघून एमबीबीएसला अपात्र ठरवता येणार नाही, तो अभ्यासक्रम करू शकतो का हे बोर्डाने तपासायचं, असं त्यात आहे. तुमचा भाऊ तर एक वर्ष पास होऊन बसलाय. याहून मोठा पुरावा कुठल्या बोर्डाला हवा?

पिंपळपान

कायदा ठीक आहे, पण डीनशी वाकडं घेऊन साडेचार वर्षं त्याच कॉलेजात काढायची आहेत. इंटर्नल त्यांच्या हातात, व्हायवा त्यांच्या हातात. नोटीस पाठवायच्या आधी एकदा भेटून बघा.

कलमकसाई

नोटीस पाठवा असं मी कुठे म्हटलं? भेटाच. पण भेटीला जाताना अर्ज हातात असू द्या, आवक-जावकला देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. अर्ज घेत नसतील तर रजिस्टर्ड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा, एक प्रत विद्यापीठाला, म्हणजे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला. कोर्टात पहिला प्रश्न "तुम्ही मागितलं होतं का?" हाच येतो. तोंडी नकाराला किंमत नाही. अर्जाची भाषा विनंतीची ठेवा, कलमं शेवटी एका ओळीत. उत्तर आलंच नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. आणि दिव्यांग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट आड येत नाही. फीच्या भीतीने थांबू नका.

घुंगुरटा

मी स्वतः दिव्यांग आहे, दंतवैद्यकीला होतो. एवढंच सांगतो : "सोयी द्या" असं मोघम मागितलं की काहीच मिळत नाही. मी तळमजल्यावरची खोली मागितली, मिळाली. परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ मागितला, केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत तो आहे, तोही मिळाला. लिफ्टची किल्ली मागितली ती मात्र शेवटपर्यंत शिपायाच्याच खिशात राहिली.

तुमच्या भावाच्या जागी मी असतो तर हे मागितलं असतं : पत्र्याखालची खोली बदलून खालची, खोलीत कूलर किंवा एसी लावायची लेखी परवानगी (बिल आम्ही भरू म्हणा, वॉर्डनचा विरोध अर्ध्यावर येतो), वॉर्डात राउंडच्या वेळी बसायला स्टूल, उन्हाळ्यात दुपारची कम्युनिटी मेडिसिनची फील्ड व्हिजिट सकाळी, आणि इन्फ्युजनच्या, म्हणजे सलाईनमधून औषध घ्यायच्या, दिवसांची हजेरी.

स्टेथो

हजेरीचं विशेष बघा. थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागतात आणि हजेरी आता आधारशी जोडलेल्या यंत्रणेवर जाते, त्यामुळे विभागप्रमुख मनात आणूनही नंतर फिरवू शकत नाही. झटका आला तर दोन-तीन आठवडे सहज जातात. बुडालेली प्रॅक्टिकल्स भरून कशी काढायची ते आधीच लेखी ठरवून घ्या, झटक्यानंतर नाही.

आणि बदलीसाठी जीव टाकण्याआधी भावाला विचारलंय का? त्याचे मित्र तिथे आहेत. माझ्या पाहण्यात असे दोन रुग्ण आहेत ज्यांना घरच्यांनी ओढून घरी आणलं आणि ते जास्त खचले.

सावरी

विचारलं काल. तो म्हणतो, खोली बदलून मिळाली आणि एप्रिल-मे निभावलं तर मला इथेच राहायचंय, रूममेट त्याच्या नोट्स मोठ्या अक्षरात काढून देतो. आम्ही सगळे बदली-बदली करत होतो, त्याला कुणी नीट विचारलंच नव्हतं. आईला हे अजून पटलेलं नाही.

तर आता असं ठरलंय. नव्या सर्टिफिकेटसाठी पुढच्या आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टकडे. त्यानंतर सोयींचा अर्ज पुढे, बदलीचा त्याच्या मागे, दोन्ही एकाच दिवशी आवक-जावकला. यूडीआयडीसाठी (दिव्यांग ओळखपत्रासाठी) स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी केली आहे, बाबांनी स्वतः ओटीपी सांगितला, म्हणजे त्यांचा होकार धरते. कलमकसाई, दोन्ही अर्जांचा मसुदा नावं-गावं काढून इथे टाकला तर नजर घालाल का?

शिवाय एक बारीक शंका : जिल्हा रुग्णालयात बोर्डापुढे जाताना एमआरआयच्या फिल्म न्यायच्या की रिपोर्ट पुरतो?

कलमकसाई

टाका. रविवारी बघतो.

स्टेथो

फिल्म, सीडी, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, सगळं न्या. झेरॉक्सचा वेगळा संच करा आणि मूळ कागद कुणाकडे ठेवून येऊ नका. बोर्डावर न्यूरॉलॉजिस्ट असेलच असं नाही, तेव्हा नेत्रतज्ज्ञांचा ताजा तपासणी कागदही लावा.