मदत हवी आहे: पिकअपला पुढून सॉलिड एक्सल बसवायचा आहे (सोलापूर)

सीनाकाठ

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गाडी डबल-कॅब डिझेल पिकअप, 4x4, एमएच-13. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिले वीस प्रतिसाद कुठली गाडी भारी यावरच पडतील. पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाक आपापल्या आर्मवर सुटं हलतं) आणि टॉर्शन बार, मागे पाटे, स्टेअरिंग रॅकचं.

शेत मोहोळ तालुक्यात, सीनेच्या अंगाला. डांबरी सोडली की अडीच किलोमीटर निव्वळ काळी माती. उन्हाळ्यात त्या वाटेनं शेंबडं पोरगंही सायकल मारत जाईल. सप्टेंबरचा पाऊस लागला की मात्र उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या पाण्यानं भरतात आणि गाडीचं बैल होतं, तेही बसलेलं. ठिबकच्या नळ्या, मोटर, खताची पोती, सगळं याच गाडीतून जातं.

त्रास दोन आहेत. पहिला, पुढच्या शाफ्टचे बूट (जॉइंटवरची घडीची रबरी टोपणं) दोन वर्षांत तीनदा फाटले. बूट फाटला की ग्रीस बाहेर, माती आत, आणि वळणावर कटकट कटकट सुरू. मागच्या खेपेला चाक काढून बघितलं तर जॉइंटच्या आत ग्रीसऐवजी काळं पीठ झालेलं, दोन बोटांत चोळलं तर खरखर लागत होतं. दुसरा, चाकोरीत गाडी जरा तिरकी झाली की पुढचं एक चाक हवेत लोंबकळतं आणि तेच गरगर फिरत बसतं.

म्हणून ठरवलं की ही विशबोनची भानगडच कापून काढायची आणि पाट्यांवर बसलेला सॉलिड एक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच अखंड दांडा) टाकायचा. भंगारातून एका जुन्या जीपचा पुढचा एक्सल 22 हजाराला उचलून आणलाय. सध्या गोठ्यापुढच्या लिंबाखाली पडून आहे. आप्पा रोज त्याला वळसा घालून जातात आणि काही बोलत नाहीत, हे जास्त लागतं.

विचारायचं असं की चेसिसला पाट्यांचे ब्रॅकेट कुठे आणि कसे वेल्ड करायचे? रॅक तसाच ठेवून जमेल का? आणि सोलापुरात एमआयडीसीकडे असं काम हातात घेणारं कुणी आहे का? दोन गॅरेजवाल्यांनी फोटो बघून चहा पाजला आणि वाटेला लावलं.

टोचन

एक्सलचं नंतर बघू. आधी सांगा, टॉर्शन बार किती पिळलाय? फोटोत गाडी पुढून उचललेली दिसते.

सीनाकाठ

दोन इंच. गाडी घेतल्यावर दोन महिन्यांतच. खाली घासत होती म्हणून.

टोचन

मग दोन्ही रोगांचं मूळ तिथंच आहे, भाऊ.

टॉर्शन बार म्हणजे पिळाची सळई. तिचा बोल्ट आवळला म्हणून सळई ताकदवान होत नाही. ती खालच्या आर्मला खाली दाबते आणि नाक वर येतं, एवढंच. आता शाफ्ट बघा. कंपनीतून तो जवळजवळ आडवा असतो. नाक दोन इंच वर गेलं की डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) चेसिसबरोबर वर जातो, चाक जमिनीवरच राहतं, आणि शाफ्ट उतरत्या छपरासारखा तिरका होतो. बुटाच्या घड्या खालच्या अंगाला एकमेकींवर घासत राहतात. वरून त्यात चिकटलेली काळी माती. तीनच बूट गेले हे नशीब.

चाक हवेत राहण्याचंही तेच. आर्म आधीच खाली दाबलेला, त्यामुळे चाकाला आणखी खाली उतरायला जागाच उरली नाही. खड्डा आला की ते स्टॉपवर अडकतं. माझं ऐका, बार होता तिथं आणा, नवे बूट टाका आणि एक पावसाळा काढा.

पाचर

टोचनशी सहमत. तरी विचारलंय तर सांगतो. मी एका पिकअपवर हे काम केलं आहे, चार महिने गेले आणि घरच्यांशी बोलणं बंद झालं होतं.

रॅक विसरा. रॅक चेसिसला घट्ट असतो आणि सॉलिड एक्सल अख्खाच वर-खाली होतो. एका खड्ड्यात टायरॉड (रॅकमधून चाकाला जाणारी दांडी) वाकेल. तुम्हाला स्टेअरिंग बॉक्स लागेल, उजव्या चेसिसवर, आणि तिथून एक लांब दांडी डाव्या चाकाच्या नकलपर्यंत (ज्या तुकड्यावर चाक बसतं आणि वळतं तो). ही दांडी जितकी आडवी तितकं बरं. ती तिरकी राहिली तर खड्ड्यात हँडल आपोआप फिरतं.

ब्रॅकेटचं म्हणाल तर त्या जागी तुमच्या चेसिसनं आजवर पाट्याचा भार घेतलेला नाही. आधी बाहेरून प्लेट चढवून चेसिस जाड करा, मग ब्रॅकेट. प्लेटची टोकं सरळ आडवी कापू नका, माशाच्या तोंडासारखी निमुळती ठेवा. आडव्या टाक्यालगतच चेसिसला चीर जाते.

आता खरी डोकेदुखी. हँडल सरळ राहायला, वळून आपोआप परत यायला, किंगपिन (ज्या खिळीवर चाक वळतं ती) वरच्या बाजूनं थोडा मागे झुकलेला हवा. पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर घातली की तो झुकाव मिळतो. पण तीच पाचर पिनियनचं (एक्सलला ताकद देणारा छोटा गिअर) नाक खाली घालते आणि प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (सांधा) वाकड्या कोनात चालतो. एकाला घास दिला की दुसरा उपाशी. दोन्ही साधायचं तर एक्सलच्या टोकाचा, नकल धरणारा भाग कापून, फिरवून परत वेल्ड करावा लागतो. ते काम गावठी वेल्डिंगचं नाही. माझ्या गाडीला पहिल्या दिवशी साठच्या पुढे हँडल असं थडथड उडायचं की हात सुन्न व्हायचे. कोन चुकला होता आणि एक बुशही ढिला होता.

आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही. तुमचा आत्ताचा डिफरन्शियल चेसिसला टांगलेला आहे. सॉलिड एक्सलचं पोट चाकाबरोबर खालीच राहतं. टायर तेवढेच ठेवले तर ते दोन चाकोऱ्यांमधल्या वरंब्यावर नांगरासारखं घासत जाईल. मोठे टायर घेतले तरच ते वर येतं, आणि मोठे टायर म्हटलं की ब्रेक, गिअरिंग, सगळंच आलं.

हुतात्मा चौक

का बे, एवढा खर्च करून पावसात शेतात जायचंच कशाला? वाफसा आल्याशिवाय आमच्याकडं बैल पण घालत नाहीत. चिबडात गाडी घालायची आणि मग एक्सलला शिव्या द्यायच्या, हा निव्वळ हुच्चपणा आहे. ट्रॅक्टर सांगा, दोन खेपांत नळ्या टाकून येईल.

सीनाकाठ

@हुतात्मा चौक, वाफशाची वाट बघेपर्यंत बागेतलं तेल्या रोगाचं औषध कोण नेणार मालक? डाळिंब थांबत नाही.

कलम ५२

तांत्रिकातलं मला कळत नाही, कागदाचं कळतं. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52: आरसीवर जी माहिती आहे ती कंपनीनं मूळ दिलेल्यापेक्षा वेगळी पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम 182अ आलं. त्यात परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. पुढचा एक्सल आणि स्टेअरिंग बदललेली गाडी पासिंगला नेलीत तर साहेब खाली वाकणारच. आणि देव न करो, महामार्गावर काही झालं तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं निमित्त.

ज्यांना सॉलिड एक्सलच हवा त्यांनी तो कंपनीतूनच असलेली गाडी घ्यावी. जुनी जिप्सी आहे, जिम्नी आहे, आणि गुरखाला तर पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड एक्सल आणि डिफ-लॉक (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) येतात.

सीनाकाठ

जिम्नीत खताची पोती कुठे घालू साहेब, मांडीवर?

टोचन

एक विचारायचं राहिलं. लिंबाखालच्या एक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे किती फेरे) मोजला का? पुढचा आणि मागचा एकच पाहिजे. पद्धत सोपी आहे. एक्सल दोन ठोकळ्यांवर ठेवा, एका बाजूचा हब दोरीनं पक्का बांधा, पिनियनच्या फ्लँजवर खडूनं रेघ मारा. दुसरा हब हातानं पूर्ण दोन फेरे फिरवा. फ्लँज किती फेरे फिरला तो तुमचा रेशो. गाडीचा मागचा पण तसाच मोजा, एक चाक जमिनीवर, एक जॅकवर, गिअर न्यूट्रलला.

सीनाकाठ

काल संध्याकाळी मोजलं. आप्पांनी न सांगता हब धरून फिरवायला मदत केली, मी रेघ मोजत होतो.

जीपचा एक्सल: पाच फेरे पुरे, आणि वर तिसऱ्या हिश्श्याच्या थोडं पुढं. तीनदा मोजलं, तेच. गाडीचा मागचा: चारला जरासा कमी.

पाचर

संपलं. जुन्या जीपांना 5.38 असायचा, क्राऊनला (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) 43 दात आणि पिनियनला 8. तुमचा तोच दिसतो. 4x4 टाकलंत तर मागचं चाक एक फेरा पुरा करेल तेव्हा पुढचं पाऊण फेराही करणार नाही. चिखलात घसरून निभेल थोडं, कडक जमिनीवर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा डबा) फुटेल. जुळवायचं तर एका बाजूचा क्राऊन-पिनियन बदला, आणि तुमच्या रेशोचा त्या एक्सलला मिळणं कठीण. शिवाय पिनियन कुठल्या बाजूला आहे? तुमच्या ट्रान्सफर केसचा पुढचा शाफ्ट त्याच बाजूनं निघायला हवा.

सीनाकाठ

उलट्या बाजूला आहे. आता बघितलं.

ठीक. आज सकाळी बार दोन इंच खाली आणला, शाफ्ट डोळ्यांना सरळ दिसायला लागला. उद्या अलाइनमेंट, मग दोन्ही बाजूंना नवे बूट. टायर मात्र चिखलाचे घेणार, रुंद गोट्यांचे, आणि शेताच्या वाटेला लागताना हवा कमी करीन. त्यावर कुणाचं काही मत असेल तर सांगा, किती पीएसआयपर्यंत उतरावं, भरलेल्या गाडीला?

एक्सलला गिऱ्हाईक असेल तर व्यनि करा. 22 ला घेतलाय, 18 ला देईन. आप्पा म्हणतात दोन वर्षं थांब, लिंब वाढून त्याला पोटात घेईल.